कात्री

गल्ल्यात चिल्लर, चिल्लरीखाली कात्री.
बावीस वर्षांत तिला धार लावली तीनदा,
मारेगावच्या बाजारात.
कापड तिने कधी कापलं नाही.
पाकिटं कापली: दोन गोळ्यांची, चारांची,
"आजच्यापुरतं दे नं भाऊ" एवढी.

कापताना नाव एका तुकड्यावर जायचं,
तारीख दुसऱ्यावर.
आणि पाठीमागची ती लाल रेघ,
तिला मी नक्षी समजत होतो
असं म्हटलं तर खोटं होईल.
समजत होतं मला.

मंगळवारी गर्दी.
"सर्दी हाय, ते लाल-पिवळी दे."
"लेकराले हगवण लागली, मांगच्या खेपीची दे."
"कोंबड्याईले बी चालते का हेच?"
चालते, म्हणालो होतो. पाण्यात घोळून द्या.
त्या दिवशी तीन पाकिटं अख्खी गेली,
कात्री लागली नाही.

सुगंधा पेंदोरच्या पायात पऱ्हाटीचं खुट गेलं,
उलंगवाडीच्या दिवसांत.
आधी हळद भरली.
मग माझ्याकडच्या चार गोळ्या,
आठवड्याने वेगळ्या चार.
होळीपर्यंत पाय मडक्याएवढा.
यवतमाळहून तिचा जावई जंगू कागद घेऊन आला:
"तुमाले वाचता येते भाऊ. काय लिवलं हाय?"

औषधांची नावं, एकाखाली एक.
प्रत्येकापुढे एकच अक्षर.
आर. आर. आर.
आर म्हणजे हे औषध आता चालत नाही.
मी वाचत खाली गेलो
आणि डोळे आपोआप वर जाऊ लागले:
दुसरा कप्पा, डावीकडे.
तिसरा कप्पा. फ्रिजचं दार.
रिपोर्ट कसला, माझ्याच दुकानाची यादी.
अगदी शेवटी दोन नावांपुढे एस.
ती औषधं माझ्याकडे कधीच नव्हती.

"काय लिवलं?"
जंतू हुशार झाला, म्हणालो.
"कोनं शिकवलं त्याले?"

पंखा फिरत होता.
मी पंख्याकडे पाहिलं.

मृगाच्या आधी बागडे मॅडमनी
आरोग्य केंद्रात आम्हा दुकानदारांना बोलावलं.
चिठ्ठीशिवाय नाही. रजिस्टर ठेवा.
द्याल तो कोर्स पूर्ण द्या.
सर्दीला नाही. कोंबड्यांना तर नाहीच.
आलुबोंडा खात सगळ्यांनी सही केली.
कोणीतरी म्हणालं, आपण नाही दिलं तर झरीवाला देईल.
देतोच.
मंगळवारचा गल्ला आता दुपारीच मोजून होतो.

मी सांगत बसतो.
लोक माझ्या तोंडाकडे पाहतात,
मग रस्त्यापलीकडच्या पाटीकडे.
एकदा गोदी आत्राम मात्र मध्येच बोलली:
"म्हंजे बोंडअळीवानी.
अर्धं वावर फवारलं, पंप रिकामा झाला.
जे अळी उरली ते मेली नाई, शिकली.
पुढच्या साली त्याच औषधात आंघोय करते."
तेच, म्हणालो. बाई, अगदी तेच.
"हाव," ती म्हणाली,
"मंग दोनच दे. पैसे तेवढेच हायेत."

रजिस्टरमध्ये या ओळीसाठी रकाना नाही.

परवा सुगंधा आली.
डाव्या पायाची दोन बोटं नाहीत,
चप्पल दोरीने बांधलेली.
काउंटरवर तिने कुंकवाचा डबा उपडा केला:
कापलेले तुकडे, बिननावाचे, बिनतारखेचे,
कडेला माझ्या कात्रीची तिरपी चाल.
ती मी अंधारातही ओळखेन.
"देवळीत पडून होत्या. फेकू कुठी? नालीत टाकू?"
नालीत नको, म्हणालो.
मग कुठे, हे मलाही माहीत नव्हतं.
मॅडमना विचारतो. राहू दे इथेच.

ती पायरी उतरली, एक एक पाय जपत.
मग वळली:
"डबा वापस देजा पन."